सातव्या नंबरचं टनेल

अपग्रेड झालं पहाटे दोनला.
साखर पेठेत तेव्हा एकच कारखाना जागा होता,
नरसय्या मेरगूंचा, टॉवेलचा,
आणि त्या खडखडाटात माझा पंखा
आपण फिरतोय की नाही हेच विसरला होता.

जुन्या व्हर्जनला सगळं एका फाइलीत चालायचं.
अकरा टनेलं एका चाळीत राहायची,
शून्यापासून दहापर्यंत,
एकाच्या ओळी दुसऱ्याच्या दारात वाळत घातलेल्या.
नव्याला हे पटत नाही.
ज्याची त्याची फाइल वेगळी करा म्हणतं,
नाहीतर मी ओळख दाखवणार नाही.

आधी बॅकअप घेतला.
दोन पेनड्राइव्ह. एक ज्वारीच्या पिठाच्या डब्यामागे,
दुसरा कुठे ते सांगत नाही.
सेटिंग चुकलं तर परत लिहिता येतं,
पोर्ट आठवतो, नाव काहीही ठेवावं,
पण किल्लीची फाइल गेली की पत्ता गेला.
इथे पत्ता म्हणजे गल्ली नाही, विजेचा खांब नाही,
मारुतीच्या देवळासमोर नाही.
किल्लीतून पिळून काढलेली अक्षरांची लांबलचक माळ.
आईला एकदा वाचून दाखवली होती.
म्हणाली, "दृष्ट उतरवलालीस का कुणाची?"

एकेक हलवत गेले.
गिरणी बंद पडली त्या सालचे हजेरीपट.
कुणाचं तरी ग्रंथालय.
चार नंबरात काय आहे मी बघत नाही,
बघणार नाही असं म्हणूनच जागा दिली होती.
सगळी उठली, थोडी कुरकुरत.

सात उठलं नाही.
लॉगमध्ये एक ओळ: किल्ली सापडली नाही.

सात म्हणजे ती, बिडी कारखान्यातली.
ती, की तो, की तिघी मिळून एक, मला माहीत नाही.
दर शनिवारी चार ओळी यायच्या.
"आज हजारात ऐंशी छाट काढली.
माझ्या बिड्या नीट होत्या.
पानं त्यांनीच ओली दिली होती."
एवढंच. रागाचा शब्द नाही,
फक्त आकडे, शनिवारामागून शनिवार,
आणि मग चौदा महिने काहीच नाही.

सोडून देता आलं असतं.
दहा चालू आहेत, अकरावं कुणी विचारणार नाही.
विचारायचं म्हटलं तरी कुणी, कुणाला?

पलीकडचे माग तेवढ्यात थांबले.
बीम संपलं असणार.
आता राजमल्लू कंदील घेऊन बसेल,
लाइट असली तरी त्याला कंदील लागतो,
आणि जुन्या ताण्याच्या टोकाला नव्याचं टोक
थुंकी लावून पिळत जाईल, हजारो टोकं, सकाळपर्यंत.
त्याला मी लहानपणी विचारलं होतं,
एखादा दोरा राहून गेला तर?
"टॉवेल होतोय की," तो म्हणाला,
"पण शेवटपर्यंत रेघ दिसती."

चूक माझीच निघाली.
जुन्या फाइलीत किल्लीचं नुसतं नाव लिहिलेलं होतं,
पूर्ण रस्ता नाही.
घर बदललं, आणि नवं व्हर्जन
ती आपल्याच खिशात शोधत बसलं.
रस्ता लिहिला, मुळापासून, तिरक्या रेघांसकट.
पुन्हा सुरू केलं.

मग फोनवरून, बाहेरच्यासारखं, दार वाजवून बघितलं.
दीड मिनिट गेलं.
कुठून कुठून फिरून आलं, फिनलंडहून की फलटणहून,
मला कळलं नाही,
कळू नये म्हणून तर हा सगळा उपद्व्याप.
पान उघडलं. तोच पत्ता.
वरती तोच शेवटचा शनिवार.

"काय करलालीस गं रातभर?"
आई घागर घेऊन दारात.
पाचव्या दिवसाचं पाणी आलं होतं नळाला,
आधी हवा, मग गढूळ, मग बरं.
मी उठले.
मशीन तसंच चालू ठेवलं.